पार्किन्सनच्या पेशंटच्या गोळ्या वॉर्डात कुणाच्या हातात असाव्यात?

खानापूरची लेक
पार्किन्सनचा पेशंट ॲडमिट झाला तरी त्याच्या गोळ्या घरच्या माणसाच्याच हातात राहिल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत झालंय.

आप्पा न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून बेळगावात ॲडमिट केलं. घरी त्यांची सिंडोपा, म्हणजे लेवोडोपाची गोळी, ६, १०, २, ६ आणि रात्री ९ ला. वॉर्डात गोळ्या वाटायची वेळ ८, २, ८. "दोन तासांनी काय बिघडतंय?" बिघडतं हो! लेवोडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्म्यावर येते, आणि आजार जुना झाला की मेंदूला तिचा साठा ठेवता येत नाही. ऑपरेशनच्या दिवशी तर पोटात काही द्यायचं नाही म्हणून गोळ्याही बंद. नंबर लागला दुपारी ३ ला. तोवर आप्पा लाकूड झालेले. मान वळेना, लाळ गिळवेना.

रात्री ते बरळायला लागले, तेव्हा शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. लेवोडोपापासून मेंदूत जे डोपामाइन बनतं, त्यालाच ते अडवतं, पार्किन्सनमध्ये द्यायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पुढं चार दिवस त्यांना चमचा धरता आला नाही. आणि वर ऐकून घ्यावं लागलं, "म्हातारा हट्टी आहे, विचारलं तर बोलत नाही." अहो, त्यांचा चेहरा हलत नाही, आवाज ओठांबाहेर येत नाही. तो आजार आहे.

रात्रपाळी
ताई, वाचून वाईट वाटलं. पण मी पंधरा वर्षं वॉर्डात सिस्टर आहे, आणि तुमचं म्हणणं मला पटत नाही. नातेवाइकांनी गुपचूप गोळी दिली, चार्ट बघून आम्हीही दिली. पेशंट लघवीला उठला, बीपी उतरलं आणि पडला. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. गोळ्या दोन हातांत गेल्या की हिशोब कुणाकडंच राहत नाही. डॉक्टरांकडून चार्टवर घड्याळाची वेळ लिहून घ्या. "दिवसातून पाच वेळा" असं लिहिलं तर आम्ही आमच्या वेळेनंच देणार. रात्री तीस पेशंटमागं मी एकटी असते, तेही समजून घ्या.

निपाणीकर
सिस्टर, आम्ही वेळा लिहून घेतल्या होत्या. ड्युटी बदलली की कागद फाइलमध्येच झोपला. ब्रिटनमध्येसुद्धा गोळी वेळेवर मिळावी म्हणून पार्किन्सनच्या संस्थेला २००६ मध्ये मोहीम काढावी लागली. मग आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कागदावर विसंबून कसं चालेल? या गोळ्या एकदम तुटल्या तर ताप चढून जिवावर बेततं. मी ताईंच्या बाजूनं.

येळ्ळूरचा
मूळ दुखणं भाषेचं आहे. आप्पांना कन्नड येत नसणार आणि सिस्टरना मराठी. मराठी बोलणारं माणूस वॉर्डात ठेवायलाच पाहिजे, ही मागणी करा आधी.

खानापूरची लेक
दादा, मागणी रास्तच आहे. पण आप्पांचं पुटपुटणं मराठी सिस्टरलाही ऐकू आलं नसतं. मी शेजारच्या काकूंकडून कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "सरियाद समयक्के मात्रे कोडी", म्हणजे गोळी वेळेवर द्या, आणि कॉटच्या डोक्याशी चिकटवलं. खाली वेळा. त्याखाली लाल शाईनं, डॉक्टरांना दाखवून: हॅलोपेरिडॉल नको, उलटीला पेरिनॉर्म नको, स्टेमेटिल नको. त्या कागदाचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या भांडणाचा झाला नाही.

चिकोडीचा मुलगा
ताई, तुमच्याजवळ उशाशी बसायला माणूस आहे. मी पुण्यात नोकरीला, आई गावात एकटी. ती ॲडमिट झाली तर मी पोचेपर्यंत रात्र होते. गोळ्या नातेवाइकाच्या हातात हा नियम झाला तर आईला कोण देणार? जबाबदारी दवाखान्याचीच पाहिजे. घरच्यांनी ती अंगावर घेतली की दवाखाना कधीच सुधारणार नाही.

रात्रपाळी
हेच मला म्हणायचं होतं. आणि एक, गिळता येत नाही म्हणून काहीजण सीआर गोळी, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, कुटून पाण्यात घालतात. ती कुटायची नसते, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. दुसरी कुठली द्यायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. ऑपरेशनच्या सकाळीही विचारा. बऱ्याचदा घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायला भूलतज्ज्ञ हो म्हणतात. आम्हाला ते आपणहून सुचत नाही, हे मात्र कबूल करते.

खानापूरची लेक
चिकोडीच्या दादांचं म्हणणं मनाला लागलं. एकट्या माणसाचा विचार मी केलाच नव्हता. तरी ज्याचं माणूस उशाशी आहे त्यानं गोळीची डबी सोडू नये, यावरून मी हटणार नाही. फक्त गुपचूप नको, डॉक्टरांना सांगून आणि सिस्टरसमोर.

आप्पा कालपासून परत ॲडमिट आहेत, लघवीचं इन्फेक्शन. आज पहाटे ६ ची गोळी मी दिली, आणि सिस्टरना हाक मारून चार्टवर वेळ लिहायला लावली. ७ वाजता ते स्वतःच्या हातानं चहा प्यायले.