वाफेवर चालणारी मॉडेल लाँच: किट आणि इंजिन कसे निवडावे?

खाडीकाठ, घणसोली

नमस्कार. मुलीची दहावीची परीक्षा संपली असून या सुटीत आम्हा दोघांना खऱ्या वाफेवर चालणारी आणि रेडिओने वळवता येणारी एक लाँच बांधायची आहे. विजेवर चालणाऱ्या बोटी आम्ही यापूर्वी बांधल्या आहेत, त्यामुळे फळ्या जोडणे, इपॉक्सीचा हात देणे, सुकाणूला सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) जोडणे ही कामे आम्हाला नवीन नाहीत. वाफेचे काम मात्र पूर्णपणे नवे आहे, आणि घाईने खरेदी करण्यापेक्षा जाणकारांना विचारून मग पैसे घालावेत असे वाटते.

सध्या आमच्या मनात ६० सेंमी लांबीचे एक लाकडी किट आहे, कारण ते घरातल्या टेबलावर मावते आणि बसमधून नेता येते. ते मुळात विजेच्या मोटरसाठी असले तरी आत जागा बरी दिसते. त्यात एका सिलिंडरचे डोलणारे (ज्याचा सिलिंडरच डोलतो असे) इंजिन बसवावे की दोन सिलिंडरचे स्लाइड व्हॉल्व्हचे (ज्यात सरकणारी झडप वाफ आत-बाहेर सोडते असे), हे ठरत नाही. बॉयलर तांब्याच्या नळीपासून स्वतः करावा की तयार घ्यावा? इंधन गॅस असावे की स्पिरिट? आणि बोट पुढे नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावात किंवा ठाण्यात उपवनला सोडायची, तर काय पाळावे, हेही कृपया सांगावे.

लेथकार, वागळे इस्टेट

आपण सुरुवात बोटीच्या हलपासून, म्हणजे धडापासून केली आहे. मी आपल्याला उलट दिशेने यायला सांगेन. इंजिन किती वाफ खाते हे आधी ठरवावे, त्यावरून बॉयलर, बॉयलरवरून वजन आणि वजनावरून हल. विजेच्या बोटीत मोटर आणि बॅटरी कुठेही सरकवता येतात म्हणून हा क्रम उलटा चालतो. वाफेच्या बोटीत तो चालत नाही.

हिशेब अवघड नाही. समजा, आपण १० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि १० मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) दोन सिलिंडरचे, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे इंजिन निवडले. एका सिलिंडरचे आकारमान ०.७८५ घनसेंमी होते. पिस्टनच्या दोन्ही बाजू आणि दोन सिलिंडर धरून एका फेऱ्याला साधारण ३.१४ घनसेंमी वाफ लागते. मिनिटाला ६०० फेरे धरले तर ती १.९ लिटरच्या जवळ जाते. वातावरणापेक्षा दीड बार जास्त दाबाच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) एका लिटर वाफेचे वजन सुमारे १.४ ग्रॅम असते, म्हणजे कागदावर मिनिटाला २.६ ग्रॅम पाणी खर्च होते. प्रत्यक्षात थंड सिलिंडर आणि नळ्या यांत बरीच वाफ पुन्हा पाणी होते, म्हणून हा आकडा जवळपास दुप्पट करून मिनिटाला ५ ग्रॅम धरावा. अशा बॉयलरसाठी एक जुना ढोबळ नियम आहे: ज्योत लागणाऱ्या दर १०० चौरस सेंमी पृष्ठभागामागे मिनिटाला सुमारे अडीच ग्रॅम पाण्याची वाफ होते. त्या हिशेबाने आपल्याला २०० चौरस सेंमी तापणारा पृष्ठभाग लागेल. एकूण ३०० मिली पोटाचा, २०० मिलीपर्यंत पाणी भरायचा आणि मधून ज्योतीची नळी गेलेला आडवा बॉयलर हे काम आरामात करतो.

इथेच पुष्कळ लोक मोठे इंजिन घेऊन फसतात. इंग्लंडच्या स्टुअर्ट कंपनीची परंपरा १८९८पासूनची आहे आणि त्यांचे डी-१० हे दोन सिलिंडरचे इंजिन दिसायला अतिशय देखणे आहे. त्याचे ओतीव भाग आणून लेथवर तासण्यात मिळणारे समाधान मी कमी लेखणार नाही. परंतु त्याचा बोअर आणि स्ट्रोक पाऊण-पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी आहे. वरचाच हिशेब त्याला लावला तर एका फेऱ्याला जवळपास २२ घनसेंमी वाफ, म्हणजे आपल्या छोट्या इंजिनाच्या सातपट. तेवढी वाफ पुरवणारा बॉयलर आपल्या मनातल्या बोटीला पेलणारच नाही.

आता वजन. पितळी जोडसामानासह बॉयलर, त्यातले पाणी, इंजिन, गॅसची टाकी आणि तेल-पाणी वेगळे करणारी टाकी मिळून हा संच अडीच किलोच्या आसपास जातो. आपले ६० सेंमीचे किट पाण्याच्या रेषेवर साधारण ५८ सेंमी लांब, १६ सेंमी रुंद आणि पाण्यात ५ सेंमी खोल बसेल असे धरू. लाँचच्या निमुळत्या आकारासाठी या गुणाकाराला ०.४५ने गुणावे लागते, तेव्हा उत्तर येते सुमारे २.१ किलो. म्हणजे स्वतः बोटीचे वजन धरण्याआधीच ती बुडते. तेच माप ९० सेंमी लांब, २४ सेंमी रुंद आणि ७ सेंमी खोल केले तर ६.८ किलो उचलले जाते, आणि मग उलट शिशाची किंवा लोखंडाची भर घालून बोट रेषेवर बसवावी लागते. ही भर तळाशी पडते, हे चांगलेच, कारण बॉयलर उंच बसतो आणि अरुंद बोट वळताना कलंडते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ९० सेंमी ते १ मीटर लांबीची, मोकळ्या डेकची, रुंद लाँच घ्यावी. जर्मनीच्या क्रिक कंपनीच्या अलेक्झांड्रा आणि व्हिक्टोरिया या लाँच वाफेचे इंजिन मनात धरूनच आखलेल्या आहेत. मोकळे डेक हवे ते केवळ देखणेपणासाठी नव्हे. तेल घालताना, ज्योत पाहताना, गळती शोधताना हात सरळ इंजिनापर्यंत पोचला पाहिजे.

सिलिंडर दोनच घ्यावेत. दोन्ही क्रँक (पिस्टनच्या जोराने शाफ्ट फिरवणारे भाग) एकमेकींशी ९० अंशांत असल्याने इंजिन कोणत्याही स्थितीतून आपोआप सुरू होते. एका सिलिंडरचे इंजिन टोकाच्या बिंदूवर थांबले की ते हाताने फिरवावे लागते, आणि तलावाच्या मध्यावर हात पोचत नाही. गिअरची गरज नाही. वाफेचे इंजिन सावकाश पण जोराने फिरते, म्हणून ६० ते ७० मिमी व्यासाचा मोठा पंखा (प्रोपेलर) थेट शाफ्टवर लावावा.

बॉयलर तयार आणि दाबाची चाचणी झालेलाच घ्यावा. आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र येत नाही, त्यामुळे हा छोटा बॉयलर तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही आणि सगळी जबाबदारी आपल्यावरच राहते. नवा बॉयलर चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने, थंड पाणी भरून तपासलेला असावा आणि तसा कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावा. सांधे चांदीच्या डाखाचेच हवेत. साधा कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. ३ बार दाबाची वाफ १४४ अंशांची असते, म्हणजे पाणी संपून बॉयलर कोरडा तापला की सांधा सुटायला वेळ लागत नाही. फ्रिज-एसीची नळी जोडणाऱ्या कारागिराचा हात कितीही सफाईचा असला तरी हे काम त्याच्याकडे देऊ नये, कारण बॉयलरच्या आतले आधार कुठे द्यायचे हा त्याच्या सवयीचा विषय नाही.

उपवनकाठ, ठाणे

लेथकारांचा हिशेब सगळ्यांनी जपून ठेवावा असा आहे. मी इंधनापासून पुढचे लिहितो.

स्पिरिट स्वस्त आहे, पण उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि बोट हिंदकळून ते लाकडी तळावर सांडले तर आग लागल्याचे उशिरा कळते. म्हणून मुलीबरोबर काम करताना गॅसच निवडा. आपल्या हवेत शुद्ध ब्युटेन पुरेसे आहे. थंड देशांत ते नीट वायुरूप होत नाही म्हणून तिथे त्यात प्रोपेन मिसळतात. बोटीतली छोटी टाकी फक्त ब्युटेनसाठी असेल तर मिश्रण तिच्यात भरू नका. ४० अंशांना ब्युटेनचा दाब वातावरणापेक्षा पावणेतीन बारच्या जवळ असतो, प्रोपेनचा त्याच तापमानाला साडेबारा बारच्या आसपास जातो. घरच्या सिलिंडरमधून टाकी भरण्याचा विचारही करू नका.

ब्युटेन हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड असते, ही गोष्ट विजेच्या बोटी बांधणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. गळती झाली तर ते हलच्या तळाशी साचून राहते. टाकी नेहमी बोटीबाहेर, मोकळ्या जागी भरा, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा आणि पेटवण्याआधी बोट एका बाजूला कलती करून थोडी हवा खेळू द्या.

टाकी केवढी असावी? मिनिटाला ५ ग्रॅम पाण्याची वाफ करायला, उष्णता वाया जाते तीही धरून, मिनिटाला सुमारे ०.६५ ग्रॅम गॅस जळतो. पंचवीस मिनिटांना १६ ग्रॅम आणि दाब येईपर्यंतचे ४ ग्रॅम मिळून २० ग्रॅम होतात. टाकीत एका वेळी याहून जास्त गॅस भरू नका, कारण पाणी संपण्याआधी गॅस संपला पाहिजे, हा या सगळ्या खेळातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. २०० मिली पाण्यातले १२५ मिली खर्च होऊन ज्योत विझेल, तेव्हाही बॉयलरमध्ये ७५ मिली शिल्लक असेल. बॉयलरला पाणी दाखवणारी काच नसेल तर तो घेऊ नका.

चालवताना पहिली दोन मिनिटे घाई करू नका. सिलिंडर थंड असतो, आत शिरलेली वाफ पाणी होते, आणि पाणी दाबले जात नसल्याने इंजिन अडते. त्या वेळी जोर न लावता फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) बोटाने मागे-पुढे डोलवत राहा. एक्झॉस्टमधून (वापरलेली वाफ बाहेर टाकणाऱ्या नळीतून) आधी थेंब उडतात, मग पांढरी वाफ येते आणि इंजिन स्वतः फिरू लागते. तेल साधे मशीनचे चालत नाही, वाफेच्या सिलिंडरचे जाड तेलच लागते. ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीत) वाफ थंड होऊन तिचे पाणी तेलाखाली बसते आणि तेल वर उचलून वाफेत ढकलते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर खालचा स्क्रू सैल करून ते दुधट पाणी काढून टाका आणि सिरिंजने वरपर्यंत नवे तेल भरा.

हेच तेल शेवटी एक्झॉस्टमधून बाहेर पडते. उपवन असो की नेरूळचा तलाव, पाण्यावर तेलाचा तवंग सोडणे योग्य नाही, त्यामुळे तेल-पाणी वेगळे करणारी टाकी वजनासाठी गाळू नका. बोट सोडण्यापूर्वी ज्या महापालिकेचा तलाव आहे तिच्या उद्यान विभागाला विचारा, आणि सकाळी लवकर, नौकाविहार सुरू होण्याआधी जा. खाडीत नेऊ नका; भरती-ओहोटीचा ओढा या इंजिनाला झेपत नाही.

शांतपाणी, नेरूळ

मला डोलणाऱ्या इंजिनाची बाजू मांडायची आहे. त्यात सिलिंडरच डोलत आपली भोके उघडतो आणि मिटतो, त्यामुळे वेगळा व्हॉल्व्ह नाही, व्हॉल्व्ह हलवणारे उत्केंद्री दांडे नाहीत, आणि नवशिक्याला वाफ कुठून शिरते आणि कुठून निघते ते डोळ्यांनी दिसते. सिलिंडर स्प्रिंगने दाबून धरलेला असल्याने फार दाब चढला की तो पृष्ठभागावरून उचलला जातो आणि वाफ निसटते, ही त्याची मर्यादा खरी. पण लाँचला लागणाऱ्या एक-दीड बारला ती आड येत नाही. दोन सिलिंडरचे, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे डोलणारे इंजिन मिळते, ते आपोआप सुरू होते आणि वाफेची दिशा बदलणाऱ्या एका व्हॉल्व्हने उलटे फिरते. शिकण्यासाठी मी तेच सुचवेन.

खाडीकाठ, घणसोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. मुलीने कागदावर हिशेब पुन्हा करून पाहिला आणि ६० सेंमीचे किट आम्ही बाजूला ठेवले आहे. लांब, रुंद लाँच आणि दोन सिलिंडरचे डोलणारे इंजिन घ्यायचे ठरते आहे. दोन शंका उरल्या आहेत. परदेशातून मागवताना काय काळजी घ्यावी? आणि मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली होती, हे वाचल्यापासून मुलीला दोन्ही बाजूंना चाके असलेली बोट हवी आहे. ती पहिल्याच प्रयत्नात जमेल का?

लेथकार, वागळे इस्टेट

निवड योग्य आहे. शांतपाणी यांचा मुद्दा मला पटतो, एक-दीड बारपर्यंत तेच इंजिन सोयीचे.

चाकांची बोट दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी. चाके फार सावकाश फिरावी लागतात, म्हणून मध्ये दातेरी चक्रे येतात. शिवाय पाण्याची पातळी चाकाच्या पात्यांवर नेमकी बसावी लागते, आणि इंधन-पाणी संपत जाते तशी ती बदलते. स्वतः ह्यू लिंडसे त्या प्रवासात कोळसा ठासून भरल्यामुळे पाण्यात फार खोल बसली होती. मुलीने तिचा आराखडा आत्तापासून काढायला घ्यावा.

मागवताना इंजिन, बॉयलर आणि बर्नर एकाच निर्मात्याचे घ्यावेत, म्हणजे नळ्यांचे आटे जुळतात. परदेशी आटे आपल्याकडच्या नटांना बसत नाहीत. गॅस विमानाने येत नाही, टाकी रिकामीच मागवावी. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना मानक चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे पार्सलवर खेळणे असे लिहिलेले असेल तर ते सीमाशुल्क विभागात अडकू शकते. विक्रेत्याला आधीच कळवून बिलावर वस्तूचे खरे आणि पूर्ण वर्णन घालायला सांगावे आणि शुल्क व जीएसटी यांची रक्कम किमतीत धरूनच बजेट आखावे. पंखा, शाफ्ट, बॉयलरखालचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पितळी पट्ट्या परदेशातून आणण्याची गरज नाही. नागदेवी स्ट्रीट आणि गुलालवाडीत एका फेरीत सामान मिळते, आणि शाफ्ट तासायचा असेल तर माझा लेथ इथेच आहे.