मे महिन्यात नाशिकच्या द्राक्षबागा

कोणीतरी विचारलंय, मे महिन्यात मुलांना घेऊन नाशिकला द्राक्षबागा बघायला जावं का. जरूर जा, पण घड दिसतील या आशेने नको. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे घड येऊन गेलेल्या काड्या छाटून टाकतात.

आम्ही जळगावहून आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की नाशिकजवळच्या दिंडोरीला मावशीकडे जातो. जाताना कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि केळीचे वेफर्स न्यायचेच, मावशी वाट बघत असते. मुलं सकाळी सहाला मावसभावांबरोबर बागेत, वेलीचे जास्तीचे फुटवे खुडायला. फुटवा कोवळा असतो, अंगठ्याने दाबला की टचकन निघतो. उरलेल्या काड्यांत याच दिवसांत घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार व्हायला लागतात, म्हणून कुठला ठेवायचा हे काका शेजारी उभं राहून दाखवतात. मला तर वाईनरी बघण्यापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

एक दिवस रामशेज किल्ल्यासाठी ठेवा. उजाडताच चढायला लागा, नऊच्या आत खाली या. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तरी पाणी घरूनच न्या. गंगापूर धरणाकडे सायकली संध्याकाळी काढा. आपल्या जळगावच्या उन्हानंतर तिथली संध्याकाळची हवा फार सुखाची वाटते.