कोबाल्ट फेराइटचा नमुना ग्रेनोबलच्या आयएलएलमध्ये मोजायचा आहे, तयारी कशी करावी?

भुसावळी_भट्टी

राम राम मंडळी. जळगावात पीएचडीचं काम चालू आहे, विषय कोबाल्ट फेराइटचे नॅनोकण. सोल-जेल स्वयंज्वलनाने एका वेळी दीड-दोन ग्रॅम पावडर निघते. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) स्वच्छ स्पिनेल, म्हणजे फेराइटची नेहमीची स्फटिकरचना, दिसतं, पण टेट्राहेड्रल जागेवर (चार ऑक्सिजनच्या मधल्या) लोह किती आणि कोबाल्ट किती हे रीटवेल्डमधून, म्हणजे मोजलेल्या रेषांवर रचनेचं गणित बसवून, ठरत नाही. कुठलाही आकडा टाका, फिट तेवढाच चांगला येतो. सर म्हणतात, न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनसाठी फ्रान्समधल्या ग्रेनोबलला, आयएलएल (लाउए-लांजव्हां इन्स्टिट्यूट) या न्यूट्रॉन संशोधन संस्थेला प्रपोजल टाका. ती संस्था फ्रान्स आणि जर्मनीने मिळून काढलेली, मग आपल्याकडच्या विद्यापीठाला तिथे वेळ मिळतो का? पावडर किती लागते, आणि मोजून झाल्यावर परत मिळते का?

तापीकाठ

सरांचं बरोबर आहे. लोहात २६ इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये २७. क्ष-किरण इलेक्ट्रॉनच मोजतात, त्यांना हे दोघं जवळपास सारखेच. त्यात ट्यूब तांब्याची असेल तर लोह आणि कोबाल्ट दोन्ही फ्लुओरेसन्स देतात आणि पार्श्वभूमी चढते. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात. तिथे लोहाची विकिरण-लांबी (केंद्र न्यूट्रॉनला किती जोरात विखुरतं त्याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर आणि कोबाल्टची २.४९, म्हणजे जवळजवळ चौपट फरक. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचा चुंबकीय आघूर्ण असल्याने दोन्ही उपजालींचे (टेट्राहेड्रल जागांचा एक संच, ऑक्टाहेड्रल म्हणजे सहा ऑक्सिजनमधल्या जागांचा दुसरा) आघूर्ण त्याच मापनातून निघतात.

आता संस्थेचं. १९६३ च्या एलिझे करारानंतर चारच वर्षांनी, जानेवारी १९६७ मध्ये, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आयएलएलचा करार केला. लाउए जर्मन, लांजव्हां फ्रेंच, नावातच दोन्ही देश आले. कामामागे लुई नेएल आणि हाइन्झ मायर-लाइबनिट्झ होते. तुमच्या फेराइटची दोन उपजालींची उपपत्ती याच नेएल यांची, त्यामुळे कोबाल्ट फेराइट तिथे पाठवणं म्हणजे माहेरी पाठवणंच! अणुभट्टी १९७१ मध्ये क्रांतिक झाली (साखळी प्रक्रिया आपल्या बळावर चालू झाली), ब्रिटन १९७३ मध्ये आलं. आज फ्रान्सकडून सीईए (अणुऊर्जा आयोग) आणि सीएनआरएस (राष्ट्रीय संशोधन केंद्र), जर्मनीकडून युलिश संशोधन केंद्र आणि ब्रिटनची संशोधन परिषद हे भागीदार आहेत. बाकीचे काही युरोपीय देश वर्गणी भरून वैज्ञानिक सदस्य होतात.

हे सांगायचं कारण असं की बीमटाइम (उपकरणावर मोजायचा वेळ) वाटताना गुणवत्तेबरोबर कुठल्या देशाचा वाटा किती हेही बघतात. सदस्य नसलेल्या देशातून एकट्याने टाकलेलं प्रपोजल चांगलं असूनही मागे पडू शकतं. म्हणून फ्रेंच किंवा जर्मन गटातला खरोखर काम करणारा सहप्रस्तावक हवा. नावापुरता नको, परीक्षक ते ओळखतात. प्रपोजलच्या फेऱ्या वर्षातून दोन असतात. मजकूर दोन पानांचा: प्रश्न काय, न्यूट्रॉनच का, कुठलं उपकरण, किती दिवस, आधीची मापनं कोणती. टाकण्याआधी त्या उपकरणाच्या शास्त्रज्ञाला मेल करून दिवसांचा अंदाज विचारून घ्या. दिवस अंदाजे लिहिले की तिथेच गुण जातात.

धुळेकर_स्पेक्ट्रो

बठ्ठं बरोबर शे, पण घाई होतेय. केवळ खोलीच्या तापमानाला आयनांचं वाटप काढायचं असेल तर आयएलएल कशाला? दोन गोष्टी आधी करा.

पहिली, मॉसबॉर, म्हणजे लोहाच्या केंद्राचा गॅमा-किरण वर्णपट. साध्या वर्णपटात टेट्राहेड्रल आणि ऑक्टाहेड्रल लोहाचे सेक्स्टेट (सहा रेषांचे गट) एकमेकांवर चढतात आणि टक्केवारी मनाला येईल तशी निघते. पाचेक टेस्लाचं बाह्य क्षेत्र लावलं की एका उपजालीचं परिणामी क्षेत्र वाढतं, दुसरीचं घटतं, आणि सेक्स्टेट वेगळे होतात. कमी तापमान आणि क्षेत्र दोन्ही मिळेल अशी सोय शोधा.

दुसरी, ट्रॉम्बेची ध्रुव. १०० मेगावॉटची अणुभट्टी, १९८५ पासूनची, आणि विद्यापीठातल्या लोकांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत तिथे रीतसर वाट आहे. पावडर डिफ्रॅक्टोमीटर आहेत. तुमचा आत्ताचा प्रश्न तिथेच सुटतो.

ग्रेनोबलला जायचंच तर ध्रुवला जे जमणार नाही ते विचारा. कोबाल्ट फेराइटमध्ये ते आयतंच आहे. हळू थंड केलेला नमुना जास्त उलटा स्पिनेल (कोबाल्ट ऑक्टाहेड्रल जागी) असतो, झटकन थंड केलेल्यात जास्त कोबाल्ट टेट्राहेड्रल जागी अडकून राहतो. म्हणजे तापवताना आयन जागा बदलतात. ती अदलाबदल चालू असतानाच मिनिटामिनिटाला टिपायची तर प्रचंड फ्लक्स (न्यूट्रॉनचा झोत) लागतो, आणि त्यासाठी आयएलएलचं डी-२० हे पावडर डिफ्रॅक्टोमीटर आहे. तिथली अणुभट्टी सुमारे ५८ मेगावॉटची, एकाच इंधन घटकावर पन्नासेक दिवस चालते, मग घटक बदलतात. दिवस मोजके असतात. त्यातच पॅरिसजवळची ऑर्फे आणि बर्लिनची बीईआर-२ या दोन्ही भट्ट्या २०१९ मध्ये बंद झाल्या, तिथली गर्दी इतरत्र वळली आहे. स्थिर तापमानाची साधी डी-२बी (तिथलंच दुसरं पावडर डिफ्रॅक्टोमीटर) मागणी अशा गर्दीत टिकणार नाही, हे माझं मत.

तापवण्याच्या प्रयोगात एक फसगत नेहमीची. व्हॅनेडियमचा डबा हवेत तापवला की ऑक्सिडाइझ होतो, म्हणून नमुना तापवायची भट्टी निर्वातात चालवतात. पण निर्वातात फेराइट ऑक्सिजन सोडतो आणि तुम्ही मोजता तो पदार्थच बदलतो. त्यामुळे हवेशी उघडी क्वार्ट्झची नळी घ्या. क्वार्ट्झचा रुंद उंचवटा पार्श्वभूमीत येतो, रिकाम्या नळीचं वेगळं मापन करून तो वजा करावा लागतो. त्याचा वेळ प्रपोजलमध्येच धरा.

गिरणाकाठची

पावडरीचा हिशेब. ८ मिमी व्यासाचा डबा ५ सेंमी भरला तर अडीच घन सेंमी होतो. फेराइटची घनता ५.३, भरलेली पावडर त्याच्या निम्मी धरा, म्हणजे साडेसहा-सात ग्रॅम. ६ मिमीच्या डब्याला पावणेचार. डबा व्हॅनेडियमचाच का? कारण त्याचं सुसंगत (रेषा देणारं) विकिरण जवळपास शून्य (०.०१८ बार्न; बार्न हे विखुरण्या-शोषण्याचं एकक), त्याच्या रेषा दिसत नाहीत. कोबाल्टचं शोषण ३७ बार्न आहे, पण १.५९४ ॲंगस्ट्रॉमला ८ मिमीच्या डब्यात मधोमध गेलेल्या किरणाचा पाचवा हिस्साच शोषला जातो. ती दुरुस्ती फुलप्रूफ हे रीटवेल्डचं सॉफ्टवेअर करतं. गॅडोलिनियम डोप करायचा विचार असेल तर आत्ताच सोडा, त्याचं शोषण ४९,७०० बार्न.

दोन-दोन ग्रॅमचे चार वेगवेगळे घाणे (बॅच) एकत्र करू नका. प्रत्येकाचं वाटप थोडं वेगळं येतं आणि रेषा रुंद होतात. ८ ग्रॅमसाठी एकच द्रावण: कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट ९.९२ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट २७.५५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट २१.५ ग्रॅम (एकूण धातूच्या १:१). जेल मात्र चार-पाच भागांत, रुंद भांड्यात, फ्यूम हूडमध्येच पेटवा. सगळं एकदम पेटलं तर पावडर उडते आणि नायट्रोजन ऑक्साइडचे धूर झेपत नाहीत. मग सगळी राख एकत्र खलून एकाच बोटीत, एकाच वेळी भाजा.

फेरिक नायट्रेट पावसाळ्यात ओलावा ओढतं. वजन बरोबर, लोह कमी, असं होतं. त्यातलं १ ग्रॅम क्रुसिबलमध्ये पूर्ण भाजून बघा: ०.१९८ ग्रॅम फेरिक ऑक्साइड यायला हवं. कमी आलं तर त्या प्रमाणात वजन वाढवा.

सगळ्यात जास्त नुकसान हायड्रोजन करतो. त्याचं असंगत (रेषा न देता सगळीकडे पसरणारं) विकिरण ८० बार्न, लहान रेषा पार्श्वभूमीत बुडतात. नॅनोकणांच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल चिकटलेलं असतंच, सायट्रेटचा अवशेष असेल तर आणखी. टीजीए (तापवताना वजन किती घटतं त्याचं मापन) काढा, १५० अंशांवर निर्वातात रात्रभर सुकवा, कुपी लगेच बंद करा. ड्युटेरियमचा हाच आकडा २ बार्न, म्हणून द्रावणात मोजायचं झालं तर जड पाणी वापरतात.

रीटवेल्डबद्दल एवढंच: स्पिनेलमध्ये चुंबकीय रेषा अणुकेंद्रीय रेषांवरच बसतात. मोठ्या कोनाला चुंबकीय भाग विझतो, तिथून आधी वाटप पक्कं करा, मग आघूर्ण मोकळे सोडा. सगळं एकदम मोकळं सोडलं की वाटप आणि आघूर्ण एकमेकांना सांभाळून घेतात आणि उत्तर खोटं निघतं.

भुसावळी_भट्टी

आभार ताई, आणि तुम्हा दोघांचेही. म्हणजे आधी ध्रुव, त्या आकड्यांवर डी-२० चं प्रपोजल. नमुना परत येण्याचं मात्र राहिलं.

तापीकाठ

कोबाल्ट आहे म्हणून जपून. न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० तयार होतो, अर्धायुष्य ५.२७ वर्षं. नमुन्यावर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला एक कोटी न्यूट्रॉन धरले, तर सात ग्रॅममध्ये एका दिवसात अडीचेक हजार बेक्वेरेल (सेकंदाला तेवढी विघटनं) होतात. आकडा छोटा आहे, पण काही आठवडे थांबून तो उतरत नाही. किरणोत्सर्ग मोजून मोकळा केल्याशिवाय नमुना बाहेर जात नाही. खिशात टाकून विमानतळावर जायचा विचारही नको. म्हणून पावडर दुप्पट बनवा, निम्मी जळगावातच ठेवा, एक्सआरडी आणि मॅग्नेटोमीटरची पुढची मापनं तिच्यावर करा. नमुन्याच्या अर्जात सगळी मूलद्रव्यं आणि नेमकं वजन लिहा.

मोजमापाचा कच्चा डेटा तीन वर्षं तुमच्या गटापुरता राहतो, नंतर खुला होतो. ध्रुवचे निकाल हाती असतील तर तोवर पेपर निघतो. आणि सहप्रस्तावक शोधताना फक्त ग्रेनोबलमध्ये शोधू नका: आयएन-१२ हे उपकरण युलिश सीईएच्या साथीने चालवतं, म्हणजे जर्मनीत बसलेले गटही तिथे रोज काम करतात.