छडी बंद झाली, मग उठाबशा तरी चालतात का?

खडूफळा_७२ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात अनुदानित शाळेत शिकवतो, यंदा आठवीचा वर्गशिक्षक आहे, पट ६१. प्रश्न सरळ विचारतो, उत्तरंही सरळच द्या.

२०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा छडी कपाटात गेली ती गेलीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ६१ पोरांचा वर्ग नुसत्या तोंडाने चालत नाही, म्हणून आमच्याकडे सगळेच जण उठाबशांवर आले. गृहपाठ नाही, २० उठाबशा. मारामारी केली, ग्राउंडला ५ राउंड. परिपाठाला उशीर, १२ सूर्यनमस्कार. मला वाटायचं की यात वाईट काय, हात तर लावत नाही आपण पोराला, उलट दिवसभर बाकावर बसून असतात, घरी गेली की मोबाईल, तेवढाच व्यायाम.

गेल्या आठवड्यात एकाने तास चालू असताना मागून शिट्टी मारली, तिसऱ्यांदा. मी चिडून ५० सांगितल्या. तीसपर्यंत तो हसत काढत होता आणि वर्ग मोठ्याने आकडे मोजत होता, नंतर त्याचा चेहरा बदलला पण मोजणं थांबलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो जिना भिंतीला धरून चढत होता. मी घाबरून आईला फोन केला तर ती म्हणाली, "सर, अजून द्या, घरी पण ऐकत नाही." ती भांडली असती तर बरं वाटलं असतं असं वाटलं मला.

नोव्हेंबर २०२५ मधली वसईची बातमी डोक्यातून जात नाही, सहावीतली मुलगी, उशिरा आली म्हणून उठाबशा, आणि काही दिवसांत ती गेली. घरचे म्हणाले शिक्षेमुळेच. मी स्वतःला त्या शिक्षिकेच्या जागी ठेवून बघतो आणि हात गार पडतात. तर व्यायाम शिक्षा म्हणून द्यावा की नाही? आणि नाही तर मग काय करायचं, तेही सांगा.

माजी_फौजी:

सर, तुमची तळमळ कळते पण इतकं मनाला लावून घेऊ नका. मी २१ वर्षं सैन्यात काढली, आम्हाला रगडा असायचा, चूक एकाची आणि फ्रंट रोल सगळ्या प्लाटूनचे. त्यानेच आम्ही घडलो आणि एकमेकांसाठी उभं राहायला शिकलो. ५० जास्त झाल्या हे मान्य, पण १०-१५ बैठकांनी धडधाकट पोराला काही होत नाही. आजकाल पोरांना कोणी काही बोलायचंच नाही असं झालंय, त्याने शेवटी नुकसान पोरांचंच होतं, उद्या कारखान्यात सुपरवायझर बोलला तर नोकरी सोडून घरी येतील. मर्यादेत ठेवा पण बंद करू नका असं माझं मत.

डॉ_मिरजकर:

फौजी साहेब, तुमचा आदर ठेवून सांगतो, तुम्ही भरती झालात तेव्हा तुमची मेडिकल झाली होती, छाती मोजली, रक्त तपासलं, मग रगडा. आठवीच्या वर्गात कोणाची मेडिकल झालेली असते? कोणाला दमा आहे, कोणाचं हिमोग्लोबिन ७ आहे, कोणाच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने खराब झाली आहे, हे घरच्यांनाच माहीत नसतं तर शिक्षकाला कुठून असणार. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलची पोरं आहेत, अशांना एकदम जोरात दमवणं तर फारच धोक्याचं.

आणि आजार नसलेल्या पोरालाही होतं काय ते सांगतो, कारण खडूफळा सरांनी लिहिलेलं "जिना भिंतीला धरून" वाचून मी दचकलो. सवय नसताना एकदम खूप बैठका काढल्या की मांडीचे स्नायू नुसते दुखत नाहीत, त्यातले तंतू फुटतात. स्नायूतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि तो गाळताना किडनी तुंबते. आम्ही त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतो. रक्तात सीपीके नावाची तपासणी करतात, ती साधारण २०० च्या आत असते, अशा पोरांत ती हजारोंत जाते. त्रास लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसतो, म्हणून शाळेला वाटतं काल तर चालत घरी गेला होता. मांडी सुजून कडक होणं, पाय उचलता न येणं, आणि मुख्य म्हणजे लघवी काळ्या चहासारखी होणं. हे दिसलं की दुखण्याची गोळी देऊन झोपवायचं नाही, त्या गोळ्यांपैकी काही किडनीला अजून त्रास देतात, सरळ हॉस्पिटल. सर, तुमच्या त्या पोराला आज विचारा लघवीचा रंग कसा होता. लाजेल, तरी विचारा.

२०१७ ला आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात, आठवीच्याच मुलीला ५०० उठाबशा सांगितल्या होत्या, तीनशेच्या आसपास काढून ती कोसळली आणि पुढे उपचारासाठी तिला मुंबईपर्यंत न्यावं लागलं. तिचा गुन्हा काय तर गृहपाठ.

व्यायाम वाईट नाही हो. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल असं खेळावं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पण व्यायामात कधी थांबायचं ते शरीर ठरवतं, शिक्षेत ते आकडा ठरवतो. पोरगं "सर बास" म्हणू शकत नाही, म्हटलं तर अजून १० वाढतात. वॉर्मअप नाही, पाणी नाही, आणि दप्तर पाठीवर.

निशिगंधा_प:

मी कधी लिहीत नाही इथे, पण आज लिहिते. नववीत होते, वही विसरले म्हणून पूर्ण वर्गासमोर कान धरून २५ उठाबशा. युनिफॉर्म स्कर्टचा. मुलं समोरच्या रांगेत. आणि त्या दिवशी माझी पाळी होती, ते सांगायचं कोणाला, सर पुरुष, वर्गात सगळे. बाराव्या-तेराव्याला मला कळलं की डाग पडलाय आणि तरी मी काढत राहिले कारण थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं.

त्या सरांना मी दोष देत बसत नाही, त्यांना बहुतेक आठवतही नसेल. पण मी त्यानंतर मैदानावर गेले नाही. दहावीला खेळाचा तास आला की लायब्ररीत. कॉलेजला एनसीसी घ्यायची होती, नाही घेतली. आता ३७ वय आहे, शुगर निघाली, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, योगा क्लास लावला तर पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या "चला, बैठका, मोजा सगळ्यांनी मोठ्याने" आणि मी चप्पल घालून बाहेर आले. रडले गाडीत बसून. नवऱ्याला अजून कळलं नाहीये मी तो क्लास का सोडला.

सर, तुमचा तो मुलगा ५० उठाबशा विसरेल, ६० जणांनी मोजलेलं विसरणार नाही.

मैदानवाले_सर:

निशिगंधा ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी बी.पी.एड. आहे, १९ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय आणि या विषयावर माझा जीव तुटतो.

आमच्या शाळेत पद्धत अशी होती की कोणाच्याही तासाला पोरगं चुकलं की "जा पीटी सरांकडे, ५ राउंड मार". म्हणजे गणिताची शिक्षा माझ्या ग्राउंडवर. परिणाम काय झाला सांगतो. तालुका क्रीडा स्पर्धेला ८०० मीटरला नाव द्या म्हटलं की एक हात वर येईना. पोरं मला चुकवायला लागली. ग्राउंड म्हणजे पोलीस ठाणं झालं होतं त्यांच्यासाठी. धावणं ही चुकलेल्यांनी करायची गोष्ट आहे हे आपणच त्यांना शिकवलं. तेच सूर्यनमस्कारांचं, जानेवारीत उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून घालायला लावायचे आणि रथसप्तमीला सगळी शाळा ओळीत उभी करून तेच सूर्यनमस्कार उपासना म्हणून घालायचे, पोरांना कळत नसेल का हे?

आणि उशीर कोणाला होतो ते कधी बघितलंय का? मी एक महिना वहीत नावं लिहिली. जवळजवळ सगळी वाडीवरची पोरं. एसटी चुकली की तीन किलोमीटर चालत, बहुतेक जण सकाळचं काही न खाता, पोषण आहाराची खिचडी हेच पहिलं जेवण. आधीच चालून आलेल्या उपाशी पोराला आपण ५ राउंड मारायला लावत होतो आणि वर म्हणत होतो की फिटनेस होतो. ती वही हेडसरांसमोर ठेवली त्या दिवशी राउंड बंद झाले.

माझं लहानपण कोल्हापूरच्या तालमीत गेलं. तिथे जोर-बैठका रोज, शेकड्याने. पण वस्तादांनी कधी शिक्षा म्हणून बैठका दिल्याचं मला आठवत नाही. ते चिडले की म्हणायचे, "आज मातीत उतरायचं नाही, कडेला बस." ते जिव्हारी लागायचं. बैठक हा मान होता, तो काढून घ्यायचे.

आता लगेच कोणी म्हणेल मग पोरांचा खेळाचा तासच काढून घेऊ शिक्षा म्हणून. तेही करू नका! तालमीत आम्ही आवडीने जायचो, दिवसभर दुसरं हुंदडणं होतंच. शाळेत आठवड्यातले दोन-तीन तास, त्यातला एक इंग्रजीवाल्या मॅडम पोर्शनसाठी मागून नेतात, जी पोरं वर्गात सगळ्यात जास्त चुळबुळ करतात त्यांनाच तो तास सगळ्यात जास्त लागतो.

जर्सीकर_आई:

फक्त मैदानवाले सरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडते. इथे अमेरिकेत पण कोच लोकांची "लॅप्स मारा" ही जुनी सवय आहे, पण इथली शारीरिक शिक्षण शिक्षकांची जी राष्ट्रीय संघटना आहे, शेप अमेरिका, तिची भूमिका हीच आहे की व्यायाम शिक्षा म्हणून द्यायचा नाही आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचा नाही. माझ्या मुलाची मधली सुट्टी एकदा कापली होती तेव्हा मी हाच मुद्दा घेऊन शाळेत गेले होते, ऐकलं त्यांनी.

कलम_१७:

कायद्याचं थोडक्यात, कारण बऱ्याच शिक्षकांना वाटतं की हात लावला नाही म्हणजे सुटलो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई, आणि मोडलं तर सेवानियमांनुसार कारवाई. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, पायातून हात घालून कान धरायला लावणं, म्हणजे आपला कोंबडा, असे प्रकार नावानिशी आहेत. पालकांनी "अजून द्या" म्हटलं तरी शिक्षकाला परवानगी मिळत नाही.

माजी_फौजी:

निशिगंधा ताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मला मुलगी आहे, दहावीत. मुलींच्या बाबतीत मी हा विचारच केला नव्हता. शिस्त पाहिजे यावर मी ठाम आहे अजूनही. पण डॉक्टर साहेब म्हणतात तो फरक खरा आहे, आम्ही सगळे सज्ञान होतो, सही करून गेलो होतो, आणि उस्तादसुद्धा आमच्याबरोबर पळायचे.

खडूफळा_७२:

सगळ्यांचे आभार. डॉक्टर साहेब, विचारलं त्याला, बाजूला घेऊन. रंग साधा होता म्हणाला, पाय आता बरे आहेत, तरी काल ग्रामीण रुग्णालयात नेऊन तपासून आणलं. रस्त्यात त्याला म्हटलं, माझं चुकलं त्या दिवशी. तो काहीच बोलला नाही, खिडकीबाहेर बघत बसला. परत येताना एवढंच म्हणाला, "सर, उद्या वर्गात मोजतील का परत?" वर्गातली पोरं त्याला चिडवतायत म्हणे आकडे म्हणून दाखवून. म्हणजे मी सुरू केलेलं अजून चालू आहे.

आज वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की ५० उठाबशा दिल्या ती माझी चूक होती आणि यापुढे या वर्गात उठाबशा नाहीत, मोजणंही नाही. सगळे गप्प होते. आता मैदानवाले सर, तुम्हीच सांगा, शिट्टी तर उद्या परत वाजणार. तेव्हा काय करू?

मैदानवाले_सर:

शिट्टी कितव्या तासाला वाजते बघा. माझा अंदाज, जेवणानंतरच्या दुसऱ्या तासाला किंवा शेवटच्या. त्या तासाला सुरुवातीलाच पूर्ण वर्ग उभा करा, तीन मिनिटं, हात ताणा, जागेवर पळा, तुम्ही पण करा त्यांच्याबरोबर, कोणी चुकलंय म्हणून नाही, सगळेच बसून आंबलेत म्हणून. त्याने अर्ध्या शिट्ट्या जातील. उरलेल्यासाठी तास थांबवू नका, तास संपल्यावर त्याला एकट्याला थांबवा आणि पाच मिनिटं बोला, प्रेक्षक नसले की शिट्टीतली मजा जाते. तीनदा झालं तर त्याच्या आईला बोलवा, पण तक्रार सांगायला नाही, घरी काय चाललंय ते विचारायला, कारण "अजून द्या" म्हणणारी आई स्वतः दमलेली असते बहुतेक.

आणि त्या पोराला सोमवारी माझ्यासारख्या कोणाकडे तरी पाठवा तुमच्या शाळेत, शिक्षा म्हणून नाही. सामन्याला शिट्टी मारायला पंच लागतो म्हणावं.