मदत हवी आहे: लॅटेक्सची ॲलर्जी असताना रूट कॅनालसाठी रबर डॅम
माझ्या आईच्या दाढेचे रूट कॅनाल (दाताच्या आतील नळी साफ करून भरणे) करायचे असून तिला लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी आहे. दाताला क्लॅम्पने (चिमट्याने) बसवला जाणारा रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लाळेतील जंतूंना दाताच्या नळीपासून दूर ठेवतो आणि नळी साफ करण्याची बारीक फाइल किंवा सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक घशात जाण्याचा धोका टाळतो. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफोर्ड बार्नम यांनी तो १८६४ सालीच वापरात आणला, त्यामुळे त्याला नवी चैन म्हणता येणार नाही. तरीही आमच्या दंतवैद्यांनी केवळ कापसाच्या बोळ्यांवर भागवू असे सुचवले, ते मला पटत नाही. लॅटेक्सऐवजी नाइट्राइल किंवा सिलिकोनचा डॅम पुण्यात कोणाला लावून मिळाला आहे का? सर्दीमुळे आईचे नाक वारंवार चोंदते आणि डॅम लावल्यावर श्वास मुख्यतः नाकानेच घ्यावा लागतो, अशा वेळी कोणती काळजी घ्यावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.