निचऱ्याची मोटर बदलायची का? (शिरोळ)

क्षारपडवाला: पाच जणांच्या अठरा एकर क्षारपड रानात जादा पाणी काढायला जाळीदार पाइप पुरलेत, ते पाणी सम्पमध्ये (साठवण विहिरीत) येतं. ओढा उंचावर, म्हणून सम्पमधलं पाणी 15 फूट उचलावं लागतं. मोटर नदीवरच्या लिफ्टची (उपसा सिंचनाची) जुनी, जास्त उंचीची, 5 एचपी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की अँपिअर चढतो, म्हणून अर्धा दाबूनच चालवतो. काल 200 लिटरचा बॅरल लावला: 28 सेकंद. म्हणजे सेकंदाला 7 लिटर, आणि मीटरवर तासाला 4 युनिट! कमी उंचीची 2 एचपी मोटर 12 लिटर देते, 1.6 युनिटात. दिवसाला 40 युनिट लागतात तिथं 10. फ्लोट (पाण्याच्या पातळीवर मोटर चालू-बंद करणारा), पॅनलसकट 60 हजार. युनिट 5 रुपये धरा, 200 दिवसांत 30 हजार वाचतात.

पूरग्रस्त: कागदावर वाचतात. 2019 ला आमचं पॅनल पाण्याखाली, 2021 ला परत. नदी फुगली की ओढाच तुंबतो, पाणी टाकणार कुठं? आणि साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज माफ आहे, बिलाचं कसलं कौतुक?

क्षारपडवाला: मीटर आमच्या संस्थेच्या नावावर, बिल येतंय. पुरात मोटर काढूनच ठेवतो, काम ऑक्टोबर ते मे. पॅनल उंच खांबावर घ्यायला हवं, हे मात्र पटलं.

जुना बागायतदार: भावा, उसाला मोकळं पाणी सोडायचं आणि तेच मोटरनं उपसायचं, हा कुठला धंदा? आधी ठिबक करा.

क्षारपडवाला: मी केलंय. वरच्या अंगाचे दोघं ऐकत नाहीत.

मोटर रिवाइंडिंग: सम्प किती वेळात भरतो, ते सांगा. त्याशिवाय एचपी ठरवणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवणं.

क्षारपडवाला: 10 फूट व्यासाचा. मोटर बंद ठेवली की 13 मिनिटांत 1 फूट चढतं.

मोटर रिवाइंडिंग: म्हणजे सेकंदाला पावणेतीन-तीन लिटर. चोवीस तासांचं उपसायला जुन्या मोटरला दहा तास. रात्रपाळीला वीज दहा तास मिळते, दिवसपाळीला आठच. दिवसपाळीच्या आठवड्यात दोन तासांचं पाणी मुळाशीच राहतंय. नवी सहा तासांत मोकळी होईल. बिलाचं राहू द्या, मी याच्यासाठी बदलेन.

पूरग्रस्त: हिशोब बरोबर. पण पाइप गाळानं चोंदले असले तर आवकच खोटी. आमचे धुतले तेव्हा चिखलाचे गोळे निघाले. आधी पाइप धू, मग परत मोज. 2 एचपी घेऊन आवक दुप्पट निघाली, तर पाच जणांना काय सांगणार?

क्षारपडवाला: तरी बारा तासांवर जाईल, म्हणजे कमीच पडेल. बरं, कोटेशन थांबवतो. धुवायचं मशीन कुणाकडं आहे?