तांबट, शिंपी, सातभाई : पक्ष्यांची नावं आणि गावातली माणसं

प्रश्न

फाल्गुन सरत आला की आमच्या उंबरावर दिवसभर ‘टुक टुक टुक’ चालायचं. आजोबा म्हणायचे, “बसला तांबट कामाला.” लहानपणी मला खरंच वाटायचं, की झाडामागे कुणीतरी भांडी ठोकतंय. तांबट हा शब्द मुळात कारागिराचा की पक्ष्याचा? दुसरी शंका सातभाईंची. ‘एक सातभाई आला’ असं म्हणता येईल का? कानाला खटकतं.

उत्तर

शब्द कारागिराचा. पक्ष्याला तो नंतर मिळाला. तांब्याचं काम करणाऱ्याला संस्कृतात ताम्रकुट्ट म्हणतात. कुट्ट म्हणजे कुटणारा, ठोकणारा. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. हे तिघंही ‘करणारे’, आणि तांबट तेवढा ‘ठोकणारा’. त्याच्या नावातल्या शेवटच्या ‘ट’मध्ये मला अजून हातोडी ऐकू येते. पक्ष्याला नाव ठेवणाऱ्याच्या कानातही तीच असणार.

हा पक्षी चिमणीपेक्षा किंचित मोठा, हिरवा. कपाळावर आणि गळ्याखाली लाल ठिपका. थंडीत बराचसा गप्प असतो. ऊन तापू लागलं की मिनिटाला शंभराहून जास्त ठोके, तेही एका लयीत. ठोके देताना चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते पटकन उमगत नाही. झाडामागे माणूस असावा असं तुम्हाला वाटलं, त्यात नवल नाही.

याच घरातला दुसरा शब्द सुतार. मूळ सूत्रधार, म्हणजे मापाची दोरी धरणारा. नाटकातला सूत्रधारही शब्द म्हणून तोच. सुतारपक्षी वाळक्या फांदीवर सलग ‘तडतडतड’ वाजवतो ते बऱ्याचदा किड्यांसाठी नसतं. ही हद्द माझी आहे असं सांगण्यासाठी आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी असतं. खाण्यासाठी टोचणं निराळं, ते थांबत थांबत, चाचपत चालतं. दोन्ही आवाज एकदा ओळखू यायला लागले की चैत्रातली सकाळ फार भरलेली वाटते.

शिंप्याबद्दल मात्र भाषेने थोडा अन्याय केला आहे. पानाच्या कडा जवळ आणून, त्यांना चोचीने भोकं पाडून, कोळिष्टकाच्या नाहीतर कापसाच्या धाग्याने जी टाचते ती मादी. तरी आपण तिला शिंपीण म्हणत नाही. सुगरणीचं नेमकं उलट. तो लोंबता खोपा विणतो नर, आणि नाव बाईचं. कोकिळेचंही तसंच. ‘कोकिळा गाते’ असं आपण सर्रास लिहितो, पण ‘कुहू’ म्हणणारा तो काळा कोकीळ. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. माझं मत विचाराल तर ‘कोकीळ गातो’ असंच लिहावं. ऐकायलाही गोड आहे आणि खरंही आहे.

आणखी एक मत

या नावांवरून जुनं गाव सगळं सुखाचं होतं असं कुणी समजू नये, एवढंच मला जोडायचं आहे. बलुतेदारीत काम सगळ्यांचं लागायचं, मान सगळ्यांना मिळत नसे. खाटीक हेही पक्ष्याचं नाव आहे. भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो म्हणून ते पडलं. कोतवालही आहे. कावळ्याघारींना तो असा पिटाळून लावतो, की बुलबुल, होले त्याच्याच झाडावर घरटं करतात. नावं ठेवणाऱ्यांनी माणसाचं कामही बारकाईने पाहिलं आणि पाखराचंही, हे मात्र मला फार मोलाचं वाटतं.

उत्तर : सातभाई

‘सातभाई’ बहुवचनातच शोभतं. ‘सातभाई आले’, ‘सातभाईंनी कलकलाट केला’. एकच दिसला तर ‘सातभाईंपैकी एक’ म्हणावं. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे ‘एक सातभाई’ लिहितात, तेही चालून जातं. सात हा आकडा मोजून घेतलेला नाही. थव्यात कधी पाच असतात, कधी दहा. खरा अर्थ ‘भाई’ या शब्दात आहे. एका घरट्यातल्या पिलांना थव्यातले बाकीचेही भरवतात. साप किंवा मांजर दिसलं की सगळे मिळून ओरडतात.

पावशा आपली अंडी या सातभाईंच्याच घरट्यात घालतो. म्हणजे उन्हाळा सरताना ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सांगणारं पाखरू सातभाईंनी भरवून मोठं केलेलं असतं. हे मला कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ बांधावर बसून होतो.

सातभाईंच्या या मिळून वागण्याला शेतकऱ्यांच्या बोलीत चोख शब्द आहे, सावड. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, पैशाचा व्यवहार नाही. ‘सावडीने काढणी केली’ असा प्रयोग होतो. (अस्थी सावडणे यातलं सावडणे म्हणजे गोळा करणे, त्याची याच्याशी गल्लत करू नये.) एका वर्षी ऐन काढणीत वडील आजारी पडले. आमच्याकडे कुणी शब्द टाकला नव्हता, तरी सकाळी बांधावर अकरा माणसं विळे घेऊन उभी होती. आईने सगळ्यांना पाणी दिलं. दुपारी सगळे उंबराखाली टेकले, तेव्हा वर तांबट चालूच होता. त्यांतले एक आजोबा वर बघून म्हणाले, “ह्योबी आलाय सावडीला.”